जिभेवरचा न दुखणारा फोड

प्रश्न : बाबांच्या जिभेच्या कडेला दीड महिन्यापासून फोड आहे. दुखत नाही. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणून ते तपासणीला तयार नाहीत.

उत्तर : ताई, दुखत नाही हीच मला काळजी वाटते. सुरुवातीला कॅन्सर बहुधा दुखतच नाही. मी अशी जखम बोटाने चाचपतो; साधा फोड मऊ लागतो, कॅन्सरची कड टणक. तुकडा काढल्याने तो पसरत नाही, उशिराने मात्र पसरतो. तंबाखू, सुपारी, दारू काही आहे का? तंबाखू आणि दारू एकत्र असतील तर धोका कैकपट. कॅन्सर निघालाच तर भोवतीच्या साधारण 1 सेंटिमीटर निरोगी भागासह तो काढतात, बहुतेकदा मानेतल्या लसिकाग्रंथीही, म्हणजे कॅन्सर आधी जिथे पसरतो त्या छोट्या गाठी. जीभ बरीच गेली तर हातावरची त्वचा रक्तवाहिन्यांसकट आणून तिथे जोडतात. बाबांना याच आठवड्यात न्या. कवळी टोचत असेल तर तीही सोबत घ्या.