जाड पानाला ओव्याचा वास

प्रश्न: शेजारून मिळालेली फांदी कुंडीत लावली. पानं जाड, लवदार, कातरलेल्या कडांची. चुरगळली की ओव्याचा वास येतो. याला ओवा कधी धरेल? पानं खाता येतात का?

उत्तर: हा पानओवा, तुळशी-पुदिन्याच्या कुळातला. डब्यातला ओवा याला कधीच धरणार नाही. ते झाड वेगळं: कोथिंबिरीच्या कुळातलं, शेपूसारख्या बारीक पानांचं. वास जुळतो, कारण ओव्यातलं थायमॉल पानओव्यातही असतं.

पानं जरूर खा, पण आधी ओळख पक्की करा. पानफुटीची पानंही जाड आणि कातरलेल्या कडांची असतात, मात्र ती गुळगुळीत असतात आणि त्यांना ओव्याचा वास नसतो. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, तेव्हा लव आणि वास दोन्ही असल्याशिवाय पान कढईत जाऊ देऊ नका.

प्रश्न: याच पानांची भजी केली. पीठ पानाला धरेना आणि भजी लगेच मऊ पडली. काय चुकलं?

उत्तर: बहुतेक पानं ओली राहिली. लवेत पाणी अडकतं, नुसतं झटकून जात नाही. धुतल्यावर पानं कापडावर पसरा, दोन्ही बाजूंनी टिपा आणि अर्धा तास तशीच ठेवा. पान फाटलेलं नको. आतला रस तेलात उतरतो, तेल उडतं. देठ राहू द्या, बुडवायला धरता येतो.

पंधरा पानांना एक वाटी बेसन, दोन चमचे तांदळाची पिठी, अर्धा चमचा तिखट, पाव चमचा हळद, मीठ आणि चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. पाणी थोडं थोडं घाला. पिठातून काढलेल्या पानाची शीर दिसली, तर पीठ पातळ झालं असं समजा. पिठात ओवा घालू नका, पानाचीच चव पुरेशी उग्र असते. सोडाही नको, त्याने भजी तेल पितात. पिठाचा थेंब टाकताच वर आला की एका वेळी चार-पाचच पानं सोडा आणि मध्यम आचेवर बुडबुडे कमी होईपर्यंत तळा. आत रसदार पान असल्याने ही भजी फार वेळ कुरकुरीत राहत नाहीत. कढईतून थेट ताटात वाढावीत.

तळण नको असेल तर कर्नाटकात करतात तशी तंबुळी करा. आमच्या मते पानाची खरी चव तिच्यातच कळते. आठ पानं चिरून अर्धा चमचा जिरे आणि चार मिऱ्यांसह चमचाभर तुपात परता. पानं मलूल होऊन रंग उतरला की पुरे. पूर्ण गार झाल्यावर दोन चमचे ओल्या खोबऱ्याबरोबर वाटा, वाटीभर ताकात कालवा, मीठ घाला. वाटण गरम असेल तर ताक फुटतं.

प्रश्न: पानं पिवळी पडून खोड खालून कुजतंय.

उत्तर: पाणी जास्त होतंय. वरची माती बोटभर कोरडी झाल्याशिवाय घालू नका. शेंड्याची वीतभर निरोगी फांदी कापा, खालची पानं काढा आणि रेतीमिश्रित मातीत लावा.