'द गिव्हर' मोठेपणीच वाचलं ते बरं झालं

मुलांसाठी लिहिलेलं पण मोठेपणी पहिल्यांदा वाचूनही हलवून गेलं असं पुस्तक कोणतं, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर लोइस लोरी यांचं 'द गिव्हर'. १९९३ साली आलं, पुढच्याच वर्षी न्यूबरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार, मिळाला. अमेरिकेत अनेकांना ते शाळेतच भेटतं. मी वाचलं चाळिशीत.

गोष्टीचा नायक जोनस नावाचा मुलगा. त्याच्या वस्तीत भूक नाही, भांडणं नाहीत, हवासुद्धा बारा महिने सारखीच. जोडीदार वडीलधाऱ्यांची समिती ठरवते, मुलं अर्ज करून मिळतात, घरटी एक मुलगा आणि एक मुलगी. बाराव्या वर्षी प्रत्येकाला काम नेमून दिलं जातं. जोनसकडे येतं आठवणी सांभाळायचं काम. बर्फ, ऊन, युद्ध यातलं काहीच बाकीच्यांना माहीत नाही. ते सगळं एका म्हाताऱ्याच्या डोक्यात साठवलेलं, आणि तो पाठीवर हात ठेवून ते जोनसला देतो.

लेखिकेची एक चलाखी मला फार आवडली. खेळता खेळता सफरचंद क्षणभर 'बदलतं'. काय बदललं ते जोनसला सांगता येत नाही, आपल्यालाही कळत नाही. बऱ्याच पानांनंतर उलगडतं की या लोकांना रंगच दिसत नाहीत. मग मागची पानं चाळली, तर डोळ्यांचं वर्णन आपलं फिकट किंवा गडद, एवढंच!

पण मोठेपणी वाचल्याचा खरा फरक पडतो तो जोनसच्या बाबांमुळे. (इथून पुढे गोष्ट फुटणार आहे, वाचायचं असेल तर हा परिच्छेद सोडा.) बाबा तान्ह्या बाळांच्या संगोपन केंद्रात काम करतात. मायाळू माणूस. रात्री न झोपणाऱ्या गॅब्रिएलला खास परवानगी काढून घरी आणतात. तेच बाबा जुळ्यांमधल्या कमी वजनाच्या बाळाशी लाडाने बोबडं बोलत त्याच्या कपाळावरच्या शिरेत सुई टोचतात, निपचित देह खोक्यात घालतात, भिंतीतल्या झडपेतून ढकलून देतात आणि वर टाटा करतात. हा माणूस दुष्ट नाही. नेमून दिलेलं काम तो नीट, हसतमुखाने करतो, इतकंच. बारा वर्षांचा वाचक इथे जोनसच्या बाजूने हादरत असेल. मी बाबांच्या जागी उभा होतो, कारण 'नियमच आहे तसा' म्हणत फायलीवर सही करून निवांत जेवायला जाणं मला अनोळखी नाही.

पुस्तक तसं छोटं आहे. सुरुवातीला नियमांची जंत्री जरा लांबते, तेवढी सोसा. शेवट मोकळा सोडलाय, काहींना तो अर्धवट वाटतो, मला पटला. तरी चुटपुट लागलीच तर याच मालिकेत आणखी तीन कादंबऱ्या आहेत, शेवटची 'सन' (Son, म्हणजे मुलगा), २०१२ ची. २०१४ चा चित्रपट मात्र आधी बघू नका. तो सुरूच कृष्णधवल होतो, म्हणजे रंगांची सगळी गंमत तिथेच संपली.