पलटण एलसीला निघालीय आणि रात्री दोनला जाग येतेय

माण तालुक्यातल्या एका गावातून आलेलं हे पत्र. लिहिणारा वीस वर्षांचा अग्निवीर आहे, मराठा लाइट इन्फंट्रीत. बेळगावचं ट्रेनिंग संपवून पलटणीत गेला, सध्या सुट्टीवर घरी आहे. सुट्टी संपली की पलटणीबरोबर नियंत्रण रेषेवर, म्हणजे फौजेच्या बोलीत एलसीला, जायचंय. तो लिहितो: “नऊ दिवस झाले, रात्री दोनच्या सुमाराला जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. पोटात गोळा येतो. मे 2025 मधले तोफांचे आणि ड्रोनचे व्हिडिओ डोळ्यांसमोरून हलत नाहीत. खरा गोळीबार सुरू झाला आणि माझे हातच चालले नाहीत तर? वडील सुभेदार म्हणून रिटायर झालेत. त्यांना सांगितलं तर म्हणतील, पोरगं भ्यालं. मी फौजेला नालायक आहे का? सोडून येता येतं का? का गप निघून जाऊ?”

पत्रात तू भाग आणि निघायची तारीखही लिहिली होतीस. ती इथे देताना काढून टाकली आहे. यापुढे ती कुणालाच लिहू नकोस, मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नाहीच.

आता तुझा पहिला प्रश्न. तू नालायक नाहीस. येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन डोलार्ड यांनी स्पेनच्या यादवी युद्धात लढून परतलेल्या 300 अमेरिकी स्वयंसेवकांना भीतीबद्दल सविस्तर प्रश्न विचारले होते. तो अभ्यास 1943 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या लढाईला जाताना भीती वाटली, असं दहातल्या सुमारे सात जणांनी सांगितलं. सगळ्यांत जास्त भीती कधी वाटली, या प्रश्नावरही तेवढ्याच लोकांचं उत्तर होतं: लढाई सुरू व्हायच्या आधी. ही माणसं स्वखुशीने लढायला गेलेली होती, कुणी ढकललेली नव्हती. तू सध्या नेमका त्या ‘आधी’च्या काळात बसला आहेस आणि तोही रिकाम्या हाताने. सुट्टीत ना परेड, ना रोल कॉल, ना संतरी ड्युटी. शरीर तयारीला लागलंय आणि त्याला काम काही नाही. म्हणून ते रात्री दोनला उठवतं.

सोडून येण्याचं सरळ सांगतो. अग्निवीराला चार वर्षांच्या आत स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडता येत नाही. अगदी अपवादात्मक कारण असेल तर वरिष्ठांच्या मंजुरीने होतं, आणि भीती वाटते हे ते कारण नाही. सुट्टी संपल्यावर घरीच थांबलास तर आर्मी अ‍ॅक्टच्या कलम 39 खाली विनापरवाना गैरहजेरी लागते, पळून गेल्याचं ठरलं तर कलम 38. तीस दिवस उलटले की कोर्ट ऑफ एन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी, बसते आणि गैरहजेरीचा शिक्का पुढे पोलीस भरतीपासून बँकेच्या सुरक्षारक्षकाच्या नोकरीपर्यंत सगळीकडे आडवा येतो. पण हे वाचून ‘अडकलो’ असं मनात धरू नकोस. तुझ्या पत्रात फौज नको असं कुठेच लिहिलेलं नाही. हात चालतील का, एवढंच तू विचारतोयस. त्याला उत्तर आहे, आणि ते सरावात आहे.

हात का चालत नाहीत ते आधी समजून घे. धोका दिसला की अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं. काळजाचे ठोके वाढतात, रक्त मांड्या आणि दंडांसारख्या मोठ्या स्नायूंकडे वळतं. बोटांची बारीक कामं बिघडतात: बटण, चेन, छोटी खिटी. नजर अरुंद होते, नळीतून पाहिल्यासारखी. समोरचं दिसतं, बाजूचं सुटतं. आवाज कधी कधी ऐकूच येत नाहीत, शेजारचा ओरडतोय हे कळायला उशीर लागतो. तोंड कोरडं पडतं, लघवीला लागल्यासारखं होतं. हे सगळं धडधाकट शरीराचं काम आहे. उस्ताद लोक एकच हालचाल शंभर वेळा का करून घेत होते, ते इथे कळतं. रायफल अडकली की फौरी इलाज, म्हणजे ती लगेच चालू करायची ठरलेली कृती, डोक्याने आठवायचा नसतो, तो हातात बसलेला असावा लागतो. घाबरलेलं डोकं नवीन काही शिकत नाही आणि नवीन काही ठरवतही नाही; जे घोटलेलं असतं तेच बाहेर येतं.

म्हणून पलटणीत पोचलास की सेक्शन कमांडरकडून परवानगी घेऊन रोज पंधरा मिनिटं रिकाम्या हत्यारावर सराव माग. त्यांच्या देखत, हत्यार तपासून घेतल्यावरच. मॅगझिन बदलणं आणि फौरी इलाज प्रत्येकी दहा वेळा: आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग हातमोजे घालून, मग धावून दम लागल्यावर. हा शेवटचा प्रकार बहुतेक जण सोडून देतात. दम लागलेला असताना ठोके वाढलेले असतात, बोटं थरथरतात, म्हणजे भीतीच्या वेळेला शरीर असतं त्याच्या बरंच जवळ. तिथे हात चालले तर पुढेही चालतात. प्रत्येक वेळी काम झालं की मान डावीकडे, उजवीकडे फिरवून बघ. अरुंद झालेली नजर मान फिरवल्याशिवाय उघडत नाही.

दुसरी गोष्ट टुर्निकेटची, म्हणजे रक्त थांबवायला आवळायच्या पट्ट्याची. हात-पाय जखमी होऊन मोठी रक्तवाहिनी तुटली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो, आणि तेवढ्या वेळात तुझ्याजवळ असतो तो तुझा बडी, म्हणजे ड्युटीवरचा जोडीदार, किंवा तू स्वतः. पट्टा जखमेच्या दोन-तीन इंच वर, काळजाच्या बाजूला. कोपर किंवा गुडघ्याच्या सांध्यावर कधीच नाही. जखम नीट दिसत नसेल, अंधार असेल, तर सरळ मांडीच्या किंवा दंडाच्या अगदी वरच्या टोकाला, कपड्यावरूनच. खिशात काही असेल तर आधी काढ. सगळ्यांत नेहमीची चूक म्हणजे पट्टा आधी हाताने कचकचून ओढून न घेता थेट पट्ट्यावरची दांडी पिळायला घेणं. मग दांडी तीन-चार वेळा फिरते, हाताला घट्ट लागतं, पण आत ढील राहिलेली असते आणि रक्त चालूच असतं. आधी पट्टा इतका ओढायचा की खाली बोटाची टोकंही शिरू नयेत, मग रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची, अडकवायची, वेळ लिहायची. खूप दुखतं, आणि दुखणं म्हणजे चुकलं असं नाही. एकदा लावला की डॉक्टर किंवा नर्सिंग असिस्टंट येईपर्यंत सोडायचा नाही. सराव करताना मात्र क्षणभर आवळून लगेच सोडायचा. एका हाताने, दोन्ही हातांवर आळीपाळीने. ‘मला लागलं तर काय’ या विचाराला रात्री दोन वाजता याच्याइतकं उपयोगाचं उत्तर दुसरं नाही.

श्वासाचं तंत्र बऱ्याच जणांना फालतू वाटतं, कारण ते भीती वाटू लागल्यावर पहिल्यांदा करून बघतात. तसं ते चालत नाही. आज संध्याकाळपासून, मन शांत असताना कर: नाकाने चार आकडे श्वास आत, सहा ते आठ आकडे बाहेर, पाच मिनिटं. श्वास सोडताना काळजाची गती आपोआप थोडी उतरते, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. जोरजोरात श्वास घेऊ नकोस, त्याने बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि भीती वाढली असं वाटतं. दोन आठवडे रोज केलंस तर संतरी ड्युटीवर उभ्या-उभ्या, कुणाला न कळता चार श्वासांत काम होतं.

घरचे उरलेले दिवस असे काढ. सकाळी साडेपाचला उठून धाव, आणि एक दिवसाआड पाठीवर पिट्ठू घेऊन चाल. सुट्टीतल्या दोन-तीन आठवड्यांत दम उतरतो आणि परत गेल्यावर दम कमी पडला की तोही भीतीच्या खात्यावर चढतो. दुपारी तीननंतर चहा बंद. रात्री दोनला जाग आली तर मोबाईल हातात घ्यायचा नाही. वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून ओसरीत बस, डोळे जड झाले की परत आडवा हो. गोळीबाराचे व्हिडिओ आजपासून बंद. त्यात तुझी पोस्ट नाही, तुझा बंकर नाही, तुझा सेक्शन नाही. फक्त स्फोट आहे, आणि तो पन्नास वेळा बघितला की डोक्याला पन्नास स्फोट झाल्यासारखे वाटतात. मित्र निरोपाची पार्टी देतील. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री तीच झोप मोडते, म्हणजे तुझी दोनची जाग आणखी पक्की होते.

घरची काळजी हे भीतीचं अर्धं अंग असतं. कागद नीट झाले की ते बरंच हलकं होतं, म्हणून दोन दिवस त्यालाच दे. अग्निवीराला 48 लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता पगारातून जात नाही. सेवेमुळे मृत्यू आला तर 44 लाखांची सानुग्रह रक्कम वेगळी, शिवाय उरलेल्या काळाचा पगार आणि सेवानिधीचा (चार वर्षांनी मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा) भाग. हे आकडे वडिलांना सांगून ठेव. पैसे अडतात ते नावात. आईचं नाव आधारवर ‘सुमन’, पलटणीच्या रेकॉर्डला ‘सुमनबाई’, बँकेत माहेरचं आडनाव. मग पुढे वर्षभर फेऱ्या. आज आईचं आधार, पॅन आणि पासबुक एका ओळीत मांडून अक्षर न् अक्षर जुळवून बघ. घरच्या कागदात चूक असेल तर सुट्टीतच दुरुस्त कर. पलटणीच्या रेकॉर्डमध्ये असेल तर पोचल्याबरोबर कंपनी क्लार्ककडे जाऊन किंड्रेड रोल (घरच्यांच्या नावांची नोंद) आणि नॉमिनेशन डोळ्यांनी बघ आणि दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर (नोंद बदलल्याचा लेखी आदेश) काढून घे. सगळ्या झेरॉक्स एका फाईलमध्ये, फाईल कपाटात कुठे आहे ते आईलाही माहीत हवं. घरच्यांची कुठे अडचण झाली तर साताऱ्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, हेही त्यांना सांग.

फोनचं वचन जपून दे. ‘रोज रात्री आठला फोन करतो’ असं सांगून पोरं जातात, वर रेंज नसते किंवा मोबाईल जमा असतो, आणि तिसऱ्या दिवशी आई जेवण सोडते. तू आईला असं सांग: “जमेल तेव्हा करीन. दहा दिवस आला नाही तर त्याचा अर्थ रेंज नाही, एवढाच. वाईट काही असेल तर ते पलटण स्वतः कळवते, टीव्ही नाही.” हे वाक्य बहिणीसमोर बोल, म्हणजे आई घाबरली की आठवण करून द्यायला कुणीतरी घरात असेल. पत्ताही लिहून दे: नंबर, हुद्दा, नाव, कंपनी, पलटण आणि एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. पत्र पोचतं.

थेट पोस्टवर तुला कुणी उभं करत नाही. आधी कोअर बॅटल स्कूलमध्ये त्या भागाचं खास प्रशिक्षण होतं, मग पोस्टवर जुन्या माणसाबरोबर ड्युटी. पोस्ट 9000 फुटांच्या वर असेल तर शरीराला उंचीची सवय लावायला पहिले सहा दिवस ठरलेले असतात, 12000 च्या वर आणखी चार, 15000 च्या वर आणखी चार. पहिले दोन दिवस जवळपास विश्रांतीच. इथे एक मोठी गफलत होते. उंचीवर धाप लागते, डोकं दुखतं, झोप उडते, छाती धडधडते. नवा पोरगा समजतो की आपण घाबरलोय आणि लाजेने गप्प बसतो. ती भीती नसून फुप्फुसात पाणी होण्याची सुरुवात असू शकते, आणि लपवली तर जीव जातो. वर चढल्यावर जे काही वेगळं वाटेल ते नर्सिंग असिस्टंटला त्याच तासाला सांगायचं, धाडसाचा हिशेब न करता.

पहिल्या रात्री जुन्या माणसाला विचार: इथला रोजचा आवाज कोणता आणि वेगळा कोणता? वाऱ्याने पत्रा वाजतो, कुंपणाला जनावर धडकतं, लांबवर दगड सुटतो. ओळखीचे आवाज एकदा कळले की निम्मे दचके संपतात. बडीशी आधीच बोलून ठेव: “मी थिजलो तर खांद्यावर जोरात थाप मार आणि एकच काम सांग.” आवाज ऐकू येत नाही तेव्हा स्पर्श पोचतो. त्यालाही विचार, त्याच्यासाठी तू काय करायचं. दुसऱ्याचं काम डोक्यात असलं की स्वतःच्या भीतीला जागा कमी उरते. प्रसंग होऊन गेल्यावर हातपाय थरथरले, रडू आलं, कारण नसताना हसू आलं, तर ते होऊ दे. पाणी पी, खा, झोप.

पण काही खुणा वेगळ्या. दोन आठवडे नीट झोपच नाही, जेवण जात नाही, ड्युटीवर वारंवार भान हरपतं, रोज प्यावीशी वाटते, तर आरएमओ साहेबांकडे, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरांकडे, जा. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला तर थांबायचंच नाही. हत्यार बाजूला ठेवून त्याच मिनिटाला बडीला किंवा सेक्शन कमांडरला सांग. सुट्टीत असताना 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. फौजींसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला. आजच्या तुझ्या झोपेसाठीसुद्धा तू तिथे फोन करू शकतोस.

राहिले वडील. ‘मला भीती वाटते’ असं वाक्य त्यांच्यापुढे तुझ्या तोंडातून निघणार नाही, आणि निघालं तरी ते काय बोलावं या पेचात पडतील. म्हणून प्रश्न विचार. सकाळी मळ्यात दोघंच असाल तेव्हा, आईसमोर नाही: “आबा, पहिल्यांदा वर गेलात तेव्हा पहिली रात्र कशी गेली? कुणाबरोबर ड्युटी होती? काय घालून झोपत होता?” मोजे किती जोड न्यावेत, इथून सुरुवात झाली तरी चालेल. फौजी माणूस सामानाबद्दल बोलता बोलता बाकीचंही बोलतो. ते बोलू लागले की मध्ये तोडू नकोस. झेलम एक्स्प्रेसने जम्मूपर्यंत दोन रात्री गाडीत काढायच्या आहेत. त्यांनी सांगितलेलं आठवायला तेवढा वेळ पुरेसा आहे.