पुण्यात पीएचडीच्या मुलाखतीला दोन दिवस बोलावलंय, छाप कशी पाडू?

दोन दिवस बोलावलंय म्हणजे तुमचे मार्क, नेट-गेट सगळं त्यांनी पाहिलेलं आहे. आता फक्त तुम्ही अडल्यावर काय करता ते बघणार. हे कळायला माझं एक वर्ष गेलं, म्हणून लिहितेय.

पहिल्या वेळी तयारी दादाने करून घेतली. दादा एमबीए, हिंजवडीत नोकरी. लक्ष्मी रोडवरून ब्लेझर घेऊन दिला आणि बजावलं, "गप्प बसू नकोस. येत नसलं तरी बोलत राहा." पॅनेलमधल्या मॅडमनी माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट रिपोर्ट उघडला आणि टीएलसीच्या (पदार्थ किती शुद्ध आहे ते ठिपक्यांवरून दाखवणारी छोटी सिलिकाची प्लेट) फोटोवर बोट ठेवलं. स्पॉट गोल नव्हता, खाली लांब शेपूट. "हे कशामुळे?" मला माहीत नव्हतं. मी "इम्प्युरिटी" म्हणाले आणि सुटलेच, पाच मिनिटं. मॅडमनी पान उलटलं. "एनएमआर तर स्वच्छ आहे तुमचा." म्हणजे इम्प्युरिटी असती तर त्या तपासणीत दिसली असती. संपलं तिथेच.

कंपाउंड अमाइन, म्हणजे बेसिक, होतं. सिलिका आम्लधर्मी, अमाइन तिला धरून बसतं, म्हणून शेपूट. सॉल्व्हंटमध्ये ट्रायइथिलअमाइनचे दोन थेंब टाकले की बहुतेकदा सुटतं. परत आल्यावर कॉलेजच्या लॅबमध्ये करून पाहिलं. यूव्हीच्या दिव्याखाली गोल स्पॉट दिसला, त्याच्याभोवती पेन्सिल फिरवताना मला रडू आलं.

पुढच्या वर्षी दुसरी संस्था, रिपोर्ट तोच. एका सरांनी विचारलं, कॉलमनंतर (सिलिका भरलेल्या नळीतून शुद्ध केल्यावर) एवढा माल गेला कुठे? मी म्हणाले, "माहीत नाही सर. दोन मिनिटं देता?" खोलीत शांतता. मग मी म्हणाले, आधी मेथनॉलमध्ये थोडा अमोनिया घालून कॉलम धुवेन, अडकलेला असेल तर निघेल. "आणि नाही निघाला तर?" तर सिलिकावरच तुटत असेल. टीएलसी एका दिशेने चालवायची, प्लेट काटकोनात फिरवून परत चालवायची; कर्णाच्या बाहेर स्पॉट दिसला की तुटतोय. सर खुर्चीत पुढे सरकले. निवड झाली.

दादा अजून दर दिवाळीला म्हणतो, "दुसऱ्या वेळीही तू बोललीसच की!" बोलले, पण आधी "माहीत नाही" म्हणून. नोकरीच्या मुलाखतीत त्याचं चालत असेल. इथे समोरच्याला पाच वर्षं तुमच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा असतो. थाप मारणारा माणूस कोण घेईल?

तेव्हा स्वतःच्या प्रोजेक्टमधली प्रत्येक आकृती का तशी आली ते बघून जा. सरांचे पेपर पाठ करणं दुय्यम. फेलोशिपचं पॅनेलला विचारू नका, 2023 पासून जेआरएफला (ज्युनिअर फेलोला) महिना 37,000 आणि दोन वर्षांनी एसआरएफला (सीनिअर फेलोला) 42,000, ते ठरलेलं आहे. इंग्रजी अडलं तर अडू द्या. हे सगळं केमिस्ट्रीवरून सांगतेय हं. माझ्या फिजिक्सच्या रूममेटला फळ्यावर नुसती गणितंच सोडवायला लावली होती.

दुसरा दिवस मात्र तुमचा आहे. कॅन्टीनमध्ये लॅबमधल्या मुलांच्या टेबलावर जाऊन बसा आणि विचारा, लिहून दिलेला ड्राफ्ट गाईडकडून किती दिवसांत परत येतो? मी तेवढंच विचारलं, आणि जिच्यासाठी आले होते ती लॅब सोडून शेजारची घेतली.