युरोपातल्या राजाचा 'राज्याभिषेक' म्हणावा का?

प्रश्न असा आहे: फ्रान्स-इंग्लंडात राजाला मुकुट घालत, पाणी कुठे शिंपडत होते? मग तिथे 'राज्याभिषेक' लिहिणं चूक नाही का, 'राज्यारोहण' बरं नाही का?

चूक नाही. मध्ययुगात त्या सोहळ्याचा गाभा मुकुटापेक्षा तेलात होता. ७५१ साली राजाचा मुख्य कारभारी पेपिन यानं मेरोविंजियन घराण्याचा शेवटचा राजा तिसरा शिल्डेरिक याचे लांब केस कापून त्याला मठात धाडलं आणि फ्रँकांचं, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातलं, राज्य घेतलं. सत्ता आधीपासून त्याच्याच हातात होती. नव्हतं ते राजरक्त. ती उणीव बिशपांनी पवित्र तेल लावून भरून काढली. ७५४ मध्ये तर खुद्द पोप दुसरा स्टीफन यानं पॅरिसजवळच्या सेंट डेनिसला त्याला पुन्हा अभिषेक केला, सोबत त्याच्या दोन मुलांनाही. त्यातला थोरला म्हणजे पुढचा सम्राट शार्लमेन. नमुना बायबलचा होता: संदेष्टा शमुवेल यानं शौलाला आणि दावीदाला असंच तेलानं राजा केलं. मराठी बायबलातही तिथे 'अभिषेक'च आहे आणि राजा 'परमेश्वराचा अभिषिक्त'.

काटेकोरच व्हायचं तर 'अभिषेक' सिच् म्हणजे शिंपणे या धातूपासून आला. तेलाचा शब्द 'अभ्यंग'. त्यातला अञ्ज् धातू आणि लॅटिनमधलं 'उंगेरे' एकाच मुळाचे. पण 'पेपिनचा अभ्यंग' लिहिलंत तर वाचकाला नरकचतुर्दशीचं उटणं आठवेल! तो नाद सोडा.

'राज्यारोहण' मात्र जपून ठेवा, कारण पुढे गादीवर येणं आणि अभिषेक या दोन गोष्टी वेगळ्या पडल्या. १२०४ मध्ये पोप तिसरा इनोसंट यानं बजावलं की डोक्याला तेल फक्त बिशपाच्या, राजाच्या दंडाला. फ्रान्स-इंग्लंडच्या राजांनी ते मनावर घेतलं नाही. पण त्याहून मोठा बदल दिसतो तो इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या वेळी. बाप वारला १२७२ च्या नोव्हेंबरात, तेव्हा हा धर्मयुद्धावरून परतीच्या वाटेवर. अभिषेक झाला १२७४ च्या ऑगस्टात. तरी कारकीर्द मोजली गेली १२७२ पासूनच. आधीचे राजे ती अभिषेकाच्या दिवसापासून मोजत. म्हणजे आता तेलावाचूनही राजा राजाच होता. अशा ठिकाणी '१२७२ मध्ये राज्याभिषेक' लिहिलं की घोटाळा झालाच.

आणि स्पेनमधल्या कॅस्टिल राज्याबद्दल लिहीत असाल तर आणखी सावध राहा. तिथल्या बहुतेक राजांनी अभिषेक करवूनच घेतला नाही. त्यांना सरळ 'गादीवर बसला' म्हणावं.