हृदयविकाराच्या जनुकांवर संशोधन करायचे तर डॉक्टरकी सोडावी लागते का?

तुम्ही एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षात आहात आणि हृदयविकाराच्या आनुवंशिकतेकडे वळायचे तर स्टेथोस्कोप खाली ठेवावा लागेल का, असे विचारले आहे. मी एका प्रयोगशाळेत लिपिड (रक्तातील चरबी) विकारांच्या जनुकीय चाचण्यांचे अहवाल लिहिते. हा प्रश्न निघाला की मला अमेरिकेतील डॅलसच्या संशोधक हेलन हॉब्ज आठवतात.

हॉब्ज या मुळात डॉक्टर. डॅलसमधील निवासी डॉक्टर असताना विभागप्रमुख डोनाल्ड सेल्डिन यांनी त्यांना संशोधनाकडे वळण्यास सुचवले, आणि तिशी ओलांडल्यावर त्या मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. कोलेस्टेरॉलवरील कामासाठी १९८५ चे नोबेल मिळवणारी हीच ती जोडी. उशीर झाला, ही तुमच्या वयातली धास्ती म्हणूनच मला फारशी खरी वाटत नाही.

२००३ मध्ये फ्रान्समधील काही कुटुंबांत, ज्यांचे एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले होते, पीसीएसके९ या जनुकात बदल सापडले. यकृताच्या पेशींवर एलडीएल टिपून घेणारी ग्राहक प्रथिने असतात आणि पीसीएसके९ जनुकातून बनणारे प्रथिन त्यांना मोडीत काढायला लावते. ते जास्त जोमाने काम करू लागले की एलडीएल रक्तातच राहते. हॉब्ज आणि त्यांचे सहकारी जोनाथन कोहेन यांनी प्रश्न उलटा केला: हे जनुक ज्यांच्यात निकामी आहे, त्यांचे काय होते? त्यासाठी रुग्ण शोधून चालणार नव्हते, निरोगी माणसे हवी होती, आणि डॅलस हार्ट स्टडी या हृदयाच्या आरोग्याच्या पाहणीमुळे शहरातील सर्वसामान्य नागरिकांचे रक्त त्यांच्याकडे आधीच जमा होते. एलडीएल कमी असलेल्या १२८ जणांचे हे जनुक वाचल्यावर ते निकामी करणारे दोन बदल मिळाले. ते सुमारे २ टक्के कृष्णवर्णीयांत होते आणि त्यांचे एलडीएल सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. २००६ मध्ये दुसऱ्या एका पाहणीतील १५ वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे बदल असलेल्या कृष्णवर्णीयांत हृदयधमनीविकाराचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी आढळले. या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेल्या एका तरुणीचे एलडीएल अवघे १४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होते आणि ती ठणठणीत होती. पीसीएसके९ प्रथिन औषधाने रोखले तर धोका काय, या शंकेचे बरेचसे उत्तर तिच्याच रूपाने मिळाले. २०१५ मध्ये अशी पहिली इंजेक्शने अमेरिकेत मंजूर झाली.

आपल्याकडेही अशा कामाला वाव आहे. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एका जनुकातून डीएनएची २५ अक्षरे गळालेली असणे हा बदल भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पण तो असलेल्या प्रत्येकाचे हृदय मोठेपणी कमकुवत होत नाही, आणि ते का, हे शोधायला रुग्ण व त्यांचे नातेवाईक समोर बसवून तपासणारा माणूसच लागतो.

तेव्हा स्टेथोस्कोप ठेवू नका. एमडी करताना संख्याशास्त्र मात्र नीट शिका. माझ्याकडे येणाऱ्या अर्जांवर कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात ‘वडिलांना पन्नाशीत झटका’ एवढेच लिहिलेले असते. त्याच घरातल्या, ऐंशीतही जिने चढणाऱ्या आत्याबाईंचे एलडीएल किती, हे कोणी लिहीत नाही. तुम्ही उद्यापासून वॉर्डात तेही विचारू शकता.