विहिरीतलं तणनाशक

प्रश्न : मक्याला अ‍ॅट्राझीन मारलं की पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी बांधावरून विहिरीत उतरतं. तेच आम्ही पितो. चुलीतला कोळसा माठात घालून गाळलं तर चालेल का? – एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : नाही ताई. जळगावात मी पाण्याचेच नमुने तपासतो, म्हणून ठामपणे सांगतो. चुलीतल्या कोळशाचा भरवसा धरू नका. करवंटीचा कोळसा आठ-नऊशे अंशांवर वाफेत तापवला की त्याला अतिसूक्ष्म छिद्रं पडतात; एका ग्रॅमला जवळपास 1000 चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. अ‍ॅट्राझीन त्यालाच चिकटतं. हाच दाणेदार सक्रिय कार्बन. गढूळ पाणी आधी वाळूतून गाळा, मग कार्बनमधून संथ सोडा. उकळून काहीच साधत नाही, पाणी आटून अ‍ॅट्राझीन उलट दाट होतं.

पिण्याच्या पाण्याच्या आपल्या भारतीय मानकात अ‍ॅट्राझीनची मर्यादा लिटरला 2 मायक्रोग्रॅम. एवढं जिभेला कळत नाही, त्यामुळे कार्बन भरून निकामी झाला तेही कळत नाही. गाळलेलं पाणी तपासून घ्यावंच लागतं. ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक मारत असाल तर कार्बन फारसा उपयोगाचा नाही.

लेकरांसाठी त्या दिवसांत पाणी दुसरीकडून आणा, माझा आग्रहच आहे. विहिरीचा कठडा उंच बांधा आणि फवारणीचा पंप तिथे अजिबात धुऊ नका.